मामांना तो दाताचा दवाखाना वाटला

गेल्या उन्हाळ्यात मामा-मामी इथे कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसॉगाला आमच्याकडे आले होते. एका संध्याकाळी शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये गाडी लावून उतरलो, तर समोरच्या दुकानाकडे बघत मामा म्हणाले, "हा दातांचा डॉक्टर बरा दिसतोय. माझी दाढ दाखवून येऊ का?" पांढऱ्या भिंती, दुधी काचा, आत एक लांबलचक काउंटर, दारात ओळखपत्र तपासणारी मुलगी. "मामा, ते गांजाचं दुकान आहे," असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. इतक्या लांब येऊन एवढं बदनाम दुकान बघायला मिळावं आणि ते असं निर्जंतुक निघावं!

त्यांना अड्डा बघायचा होता. मी मात्र या धंद्याकडे बघतो ते खतावणीतून. पेशाने हिशेबनीस आहे, आणि अशी दोन दुकानं नि एक छोटा उत्पादक आमच्या ऑफिसचे ग्राहक आहेत. त्यामुळे कॅनडातल्या गांजाचा गाजावाजा इतरांनी ऐकला तसा मीही ऐकला, पण पुढचा भाग आकड्यांत पाहिला.

गांजाला परवानगी देणारा कायदा लागू झाला १७ ऑक्टोबर २०१८ ला. उरुग्वेनंतर देशभर परवानगी देणारा कॅनडा हा दुसराच. अगदी पूर्वेकडच्या न्यूफाउंडलँड प्रांताचं घड्याळ सगळ्यांच्या पुढे, म्हणून पहिली विक्री सेंट जॉन्समध्ये मध्यरात्री झाली. थंडीत रांगा, कॅमेरे, टाळ्या. आणि ऑन्टारिओत, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या लोकसंख्येच्या प्रांतात, त्या दिवशी एकही दुकान नव्हतं! आधीच्या सरकारने सरकारी दुकानं काढायचं ठरवलं होतं. जूनमध्ये प्रांताचे प्रमुख म्हणून डग फोर्ड निवडून आले आणि त्यांनी तो बेत मोडून खासगी दुकानांचा रस्ता धरला. तोवर फक्त सरकारी वेबसाइट. पुढे मालच पुरेना, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये चिठ्ठ्या टाकून पंचवीस परवाने काढले. दुकान चालवायचा अनुभव असो-नसो, नशीब हवं. पहिली दुकानं उघडली १ एप्रिलला. क्वेबेकमध्ये सरकारी दुकानं होती, पण मालाअभावी ती काही महिने आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवावी लागली.

एवढी टंचाई का, असं लोक विचारायचे. झाडं होती, पण झाड म्हणजे माल नव्हे. चाचणी, मुलांना उघडता येणार नाही असं पाकीट, त्यावर ठरावीक आकाराची सूचना, आणि त्यावर अबकारी खात्याचा स्टॅम्प. या स्टॅम्पची गंमत सांगतोच. सुरुवातीला ते आले तेव्हा त्यांना मागे डिंकच नव्हता. कोट्यवधी डॉलर गुंतवलेल्या कारखान्यांत माणसं हाताने स्टॅम्प चिकटवत बसली होती. शिवाय प्रत्येक प्रांताचा रंग वेगळा. ऑन्टारिओचा स्टॅम्प लागलेलं पाकीट इथे पडून राहिलं तरी अल्बर्टात विकता येत नाही.

मग वारं फिरलं. टंचाई बघून सगळ्यांनीच काचघरं बांधली होती आणि सगळ्यांची पिकं एकदमच आली. भाव पडले, गोदामं भरली. २०२१ या एका वर्षात देशभरात चारशे टनांहून जास्त सुका गांजा चक्क नष्ट करण्यात आला. आमच्या छोट्या उत्पादकाची त्या वर्षीची पुस्तकं मी केली आहेत. नष्ट केलेल्या मालाचाही ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो, आणि त्या रकान्याची बेरीज करताना बोटं जड होतात.

या सगळ्याचं एका इमारतीत बसेल असं चित्र हवं असेल, तर ओटावाजवळच्या स्मिथ्स फॉल्सला जा. गाव लहान. तिथे हर्शीचा चॉकलेटचा कारखाना होता, तो २००८ मध्ये बंद पडला आणि गावाचं कंबरडं मोडलं. काही वर्षांनी त्याच कारखान्यात कॅनोपी ग्रोथ ही कंपनी गांजा पिकवू लागली. कोरोना बिअरची अमेरिकेतली मालकी असणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने २०१८ मध्ये या कंपनीत पाच अब्ज कॅनेडियन डॉलर ओतायचं जाहीर केलं. तेव्हा ऑफिसातले लोक जेवणाच्या सुट्टीत शेअरचे भाव बघत बसायचे. मीही थोडे घेतले होते. किती बुडाले ते सौ. ला अजून माहीत नाही, आणि ती हा ब्लॉग वाचत नाही. पुढे तोटा वाढत गेला, माणसं कमी झाली, आणि २०२३ मध्ये कॅनोपीने तो कारखाना विकला. घेतला कोणी? हर्शीनेच!

आता माझ्या रोजच्या दुखण्याकडे येतो: अबकारी कर. नियम असा की सुक्या फुलाच्या ग्रॅममागे एक डॉलर, किंवा उत्पादकाच्या विक्रीच्या किमतीच्या दहा टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. सरकारने हा हिशेब मांडला तेव्हा ग्रॅमला दहा डॉलर मिळतील असं मनात होतं. मग दोन्ही बाजू सारख्याच. पण ग्रॅमचा घाऊक भाव तीन डॉलरवर आला की तोच एक डॉलर भावाचा तिसरा हिस्सा होतो. भाव खाली आला म्हणून कर खाली येत नाही. तो उत्पादकाने भरायचा, आणि गिऱ्हाइकाकडून पैसे यायच्या आधी भरायची पाळी येते. कित्येक कंपन्यांनी तो थकवला आणि शेवटी दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. "सरकारला तरी चांगलं सुटत असेल," असं मामा म्हणाले. सुटतं. शिवाय ऑन्टारिओत घाऊक विक्री सरकारी मंडळाकडेच आहे. दुकानांत येणारं जवळजवळ प्रत्येक कायदेशीर पाकीट त्यांच्या गोदामातून जातं. दुकानदार कितीही बुडाले तरी मधला घाऊक व्यापारी सहसा बुडत नाही.

चोरटा विक्रेता गेला का, हा प्रश्न गावाकडून फोनवर हमखास येतो. लगेच नाही गेला. २०१९ च्या अखेरीस कायदेशीर ग्रॅम दहा डॉलरच्या वर होता आणि चोरटा सहाच्या आत. कोण कशाला पाकिटावरची सूचना वाचायला जादा पैसे देईल? टोरांटोत एका बेकायदा दुकानापुढे महापालिकेने काँक्रीटचे ठोकळे आणून टाकले, तर विक्री फुटपाथवर सुरू झाली. छापे उपयोगी पडले नाहीत असं मी म्हणत नाही, पण माझ्या मते काम केलं ते पडलेल्या भावाने आणि कोपऱ्यावरच्या दुकानाने. आमचं मिसिसॉगाच बघा. नगर परिषदेने २०१८ च्या डिसेंबरात दुकानांना नकार दिला, ब्रॅम्प्टनने होकार. तेव्हापासून एप्रिल २०२३ पर्यंत, परिषदेचं मत बदलेपर्यंत, इथले लोक एक तर ब्रॅम्प्टनला जायचे, नाही तर फोनमधला जुना नंबर फिरवायचे. शहर काही गांजामुक्त राहिलं नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात वास २०१९ लाही यायचा.

चोरट्यांकडे अजून एक गोष्ट टिकून आहे: तीव्र गमीज, म्हणजे गांजाचा अर्क घातलेल्या चघळायच्या गोळ्या. कायदेशीर पाकिटात जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) चालतं. खाणारे त्याला हसतात. मी या मर्यादेच्या बाजूचा आहे. खाण्याचे पदार्थ दुकानांत आल्यावर लहान मुलांनी चुकून ते खाऊन इस्पितळात भरती व्हायचं प्रमाण वाढलं. क्वेबेकने मुलांना भुलवतील अशी गोड उत्पादनं विकूच दिली नाहीत, आणि तिथे ही वाढ इतर मोठ्या प्रांतांच्या मानाने बरीच कमी राहिली.

इथे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. गांजा विमानाने देशाबाहेर नेणं किंवा आत आणणं हा गुन्हाच आहे. अमेरिकेच्या ज्या राज्यात तो कायदेशीर आहे तिथे जातानासुद्धा. नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा डिसेंबर २०१८ पासून दहा वर्षांवर गेली आहे, आणि त्यामुळे पर्मनंट रेसिडेंटलाही देश सोडायची वेळ येऊ शकते. पंचवीस डॉलरच्या पाकिटापायी व्हिसा घालवू नका.

मामांना दवाखाना वाटलेलं ते दुकान आमच्याच ग्राहकाचं. नाव सांगत नाही. सुरुवातीला आसपास तो एकटाच होता, आता त्याच रस्त्यावर आणखी तिघं आहेत आणि सगळ्यांकडे तोच माल, त्याच गोदामातून आलेला. मागच्या महिन्यात तो परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन आला. मी दोन वर्षांचा नफा-तोटा त्याच्यासमोर ठेवला. त्याने खालची ओळ वाचली, कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "तो पलीकडचा कधी बंद करतोय, काही कानावर आलंय का?" पलीकडचाही आमचाच ग्राहक. मी गप्प बसलो. त्यानेही परवा नेमकं हेच विचारलं होतं.