पावत्यांच्या मागे

सोलापूर, रविवार, रात्रीचे साडेअकरा

काल आईसोबत ‘वास्तुपुरुष’ पाहिला. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा २००२ सालचा चित्रपट. डॉक्टर झालेला भास्कर कितीतरी वर्षांनी गावच्या वाड्यात येतो आणि एकेक जुना दिवस जागा होतो. कूळकायद्यात गेलेली जमीन, उतरती कळा लागलेलं घर. आपल्या पूर्वजांनी लोकांना छळलं, म्हणून वास्तुपुरुष असंतुष्ट आहे, असं त्याच्या आईला वाटतं. मुलानं गरिबांचा डॉक्टर होऊन ते ऋण फेडावं, हीच तिची आस. उत्तरा बावकरांची ती आई डोळ्यांपुढून हलत नाही.

सिनेमा संपल्यावर आमची आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्या घरावरबी ऋण आहे. आत्याचं.”

नवऱ्यानं टाकलेल्या आत्याला आप्पांनी आसरा दिला, हेच ऐकत मी मोठी झाले. आई म्हणाली, गिरणी बंद पडून आप्पांचा पगार थांबला, तेव्हा या घराचे हप्ते आत्याच्या विड्या वळण्याच्या मजुरीतून गेले. माझी फीसुद्धा.

मला आठवतं ते मांडीवरचं सूप. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी कात्रीनं कापायची, मग दिवसभर विड्या वळायच्या. हजारामागे मजुरी, आणि कारखान्यात छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी मेहनत वाया. तिच्या हाताला तंबाखूचा वास येतो म्हणून मी तिच्या शेजारी जेवायला बसत नसे. हे लिहितानाही घशात आवंढा येतोय.

भास्करला ऋणाची जाणीव देणारी आई होती. आमच्याकडे जिचं ऋण होतं तीच समोर सूप घेऊन बसलेली, आणि उताऱ्यावर नाव फक्त आप्पांचं.

कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची १० हजार घरांची वसाहत झाली, तेव्हा आत्या तिकडे गेली. “भांडून गेली,” असं घरात म्हणायचे. आज सकाळी मी तिथे गेले. तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी पुढ्यात ठेवली. मी हप्त्यांचं विचारलं. ती उठली आणि तांदळाच्या डब्यामागून एक पिशवी काढून आणली.

“पावत्या हायेत. कुणी विचारलं तर दाखवाव्या म्हणून ठेवल्या. कुणी विचारलंच नाही की.”

पावत्या आप्पांच्या नावाच्या. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं आत्याचा हिशेब: विड्या किती, छाट किती, हातात आले किती.