तुम्ही विचारलंत म्हणून: कागदावरचं सर्किट गोव्याच्या पावसात टिकेल का?

शाळेत विज्ञान प्रदर्शन जवळ आलं, किंवा चवथीच्या मखरात काही नवं करायचं ठरलं, की हा प्रश्न हमखास येतो: वीज वाहून नेणाऱ्या शाईने कागदावर सर्किट काढता येतं म्हणे, पण आमच्या पावसात ते किती दिवस चालणार?

नुसतं काढून ठेवलंत तर घरात कपाटात ठेवूनही बिघडेल. त्याला पाऊस लागत नाही, हवा पुरते. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा गुंता, आणि सेल्युलोजच्या प्रत्येक कडीवर पाण्याला धरून ठेवणारे तीन हायड्रॉक्सिल गट असतात. हवेत ५० टक्के आर्द्रता असताना झेरॉक्सचा कागद वजनाच्या ५ ते ७ टक्के पाणी बाळगून असतो. जुलैत आर्द्रता नव्वदीला टेकली की ते जवळजवळ दुप्पट होतं. कोरडा कागद वीज अडवतो. दमट झाला की त्याचा रोध हजारो पटींनी घसरतो आणि शेजारशेजारच्या दोन रेघांत गळती सुरू होते.

त्यात आपल्या बोटांची भर. घामातलं मीठ कागदावर उतरतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ती याचमुळे. तेच बोटाच्या ठशात होतं. म्हणून कागद कडेला धरावा, आणि रेघांत निदान २ मिलिमीटर अंतर सोडावं.

चांदीच्या शाईचा रोध कमी, पण इथे ती नको. ओल आणि व्होल्टेज एकत्र आले की चांदीचे आयन ऋण टोकाकडे सरकतात, तिथून बारीक फांद्या फुटतात आणि शॉर्ट होतो. कार्बन हे करत नाही, शिवाय स्वस्त.

कार्बनची शाई अशी: ९५ टक्क्यांवरच्या १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अडीच ग्रॅम लाखेचे पापुद्रे घालून रात्रभर झाकून ठेवा. (फेणीत ठेवू नका, तिच्यात पाणीच जास्त, लाख विरघळणार नाही.) त्यात ६ ग्रॅम बारीक ग्रॅफाइट आणि १ ग्रॅम कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक कार्बनची पूड) घोटा. तोंडाला मास्क, खिडकी उघडी, जवळपास गॅस पेटलेला नको. पातळ प्लॅस्टिकच्या शीटमध्ये कापलेल्या साच्यातून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने शाई ओढा. लाख जास्त पडली तर कण एकमेकांना टेकत नाहीत आणि रोध चढतो. थर जाड झाला तर वाळताना तडकतो. दोन पातळ थर बरे.

मग रोध काढायला चौकोन मोजायचे: पट्टीच्या रुंदीएवढ्याच लांबीचा तुकडा म्हणजे एक चौकोन. ५ मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर लांब पट्टी म्हणजे १० चौकोन. चौकोनाला ५० ओम धरले तर ५०० ओम. ३ व्होल्टच्या सीआर २०३२ बटण सेलवर लाल एलईडीला त्यातून २ मिलिअँपिअर मिळतात. तेवढ्यात तो छान दिसतो. पांढऱ्या एलईडीलाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात, तो मिणमिणतो, आणि मुलांना वाटतं शाई चुकली. कार्बनवर सोल्डर धरत नाही, क्लिप लावा. घडी पडते तिथे कार्बन तुटतो, तेवढ्यापुरती तांब्याची टेप ओलांडून न्या.

लोक विसरतात तो कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातले बहुतेक तंतू ज्या दिशेने पडलेले असतात ती दिशा. ओल लागली की तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. म्हणून कागद ग्रेनला आडवा जास्त पसरतो. एक तुकडा एका बाजूने ओला करा: तो ज्या अक्षाभोवती वळेल ती ग्रेनची दिशा. लांब रेघा त्याच दिशेने काढा.

आता बंदिस्त करणं. आधी हवा तो आकार कापा, कारण नंतर कापलेली कड वातीसारखं पाणी ओढते. वाफ बंद ठेवून, मध्ये सुती कापड घालून, मध्यम इस्त्री दोन मिनिटं फिरवा, आणि कागद गरम असतानाच दोन्ही बाजूंना मेण लावा. चहा प्यायला गेलात तर गेलेली ओल परत आली म्हणून समजा. एकाच बाजूला लावलंत तर कागद वळतो. मेण पाण्याचे थेंब अडवतं, वाफेला मात्र फक्त उशीर लावतं. चवथीचे पाच-सात दिवस निभतात, चार महिने नाही. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन जास्त टिकेल, पण मग ‘पर्यावरणपूरक’ ही पाटी काढा. बटण सेल तर कचऱ्यात टाकायचाच नाही.

प्रयोगशाळांत काम याहून खूप पुढे गेलं आहे. लिस्बनच्या नोवा विद्यापीठात एल्विरा फोर्तुनातो आणि रोद्रिगो मार्तिन्श यांच्या गटाने २००८ साली कागदालाच विद्युतरोधक थर म्हणून वापरून ट्रान्झिस्टर केला. काही नॅनोमीटर जाडीच्या सेल्युलोज तंतूंचा कागद जवळजवळ पारदर्शक होतो, कारण त्यातल्या फटी प्रकाश विखुरण्याइतक्या मोठ्या नसतात. नारळाच्या पाण्यावर जिवाणूंनी वाढवलेला नाटा द कोको हाही शुद्ध सेल्युलोजच. स्वच्छ धुऊन, दाबून वाळवला की त्याची चिवट पातळ शीट होते. पण यातलं काहीही पाण्याशी नातं तोडत नाही.

आमच्या हवेत कागदाचा सरळ उपयोग हवा असेल तर ओल मोजायला तोच लावा. दोन कंगवे दात एकमेकांत अडकवून ठेवावेत तशा कार्बनच्या रेघा काढा, मेण लावू नका. दोन्ही कंगव्यांमधला रोध मल्टिमीटरने मोजायचा, पण साध्या मल्टिमीटरवर २० मेगाओमच्या वरचं दिसत नाही, म्हणून रेघा काढण्याआधी कागद अगदी फिक्या मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा. त्यावर तोंडाची वाफ सोडली की आकडा धाडकन खाली येतो, आणि पंख्याखाली हळूहळू वर चढतो.