1851 चा बिल्ला आणि मशीनची खरी किंमत

पुण्याच्या जुन्या बाजारात दर काही रविवारी मला जुनी शिवणयंत्रे विकणाऱ्यांकडून तेच वाक्य ऐकू येते. "साहेब, अठराशे एक्कावन्नचं मशीन आहे, अँटिक पीस, पंचवीस हजारांच्या खाली देणार नाही." विक्रेत्याचे बोट मशीनच्या उजव्या खांबावर रिव्हेटने बसवलेल्या लंबगोल पितळी बिल्ल्यावर असते. बिल्ल्याला निळी कड असते आणि त्यावर 1851 हा आकडा स्पष्ट वाचता येतो, पण त्याच्याच शेजारी 1951 हाही आकडा असतो, त्यावर मात्र बोट जात नाही. सिंगर कंपनीने आपल्या शताब्दीच्या निमित्ताने त्या सुमाराच्या मशीनवर हा बिल्ला लावला होता. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे म्हणून दाखवले जाणारे ते यंत्र स्वातंत्र्यानंतरचे असते. असे एक मशीन मी बावीसशे रुपयांना घेतले आणि तरीही घासाघीस थोडी लवकर थांबवली अशी रुखरुख मला आहे.

जुनेपणाला किंमत असते हा समज शिवणयंत्रांच्या बाबतीत फारसा टिकत नाही, कारण ही यंत्रे अफाट संख्येने बनली. स्कॉटलंडमधल्या क्लायडबँक येथील सिंगरचा किल्बोवी कारखाना 1885 साली सुरू झाला आणि 1913 या एका वर्षात तिथून सुमारे तेरा लाख मशीन बाहेर पडली. आपल्याकडच्या कित्येक सिंगर मशीनच्या मॉडेल क्रमांकापुढे, म्हणजे 15 के, 28 के, 66 के यांत, जे 'के' अक्षर असते ते किल्बोवीचेच. कारखाना 1980 साली बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव आजही 'सिंगर' आहे. हप्त्याने विकण्याची पद्धत या कंपनीने 1850 च्या दशकातच आणली होती, त्यामुळे एकरकमी पैसे नसलेल्या शिंप्याच्या दुकानातही हे यंत्र पोहोचले. यंत्रांविषयी एरवी कडक बोलणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या मशीनला उघडपणे अपवाद केला होता. इतक्या घरांत गेलेली आणि सहसा न मोडणारी वस्तू दुर्मीळ कशी होईल?

वय ठरवायचे असेल तर बिल्ला सोडून पायावर, खांबाच्या उजवीकडे ठोकलेला अनुक्रमांक पाहावा. त्या जागी साचलेले तेल आणि धूळ यांचा थर जुन्या टूथब्रशने काढावा लागतो. क्रमांकात नुसतेच आकडे असतील तर मशीन साधारणपणे 1900 पूर्वीचे असते आणि त्यानंतर क्रमांकाआधी अक्षर येऊ लागते. अनुक्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत, मात्र त्यांतली तारीख ही क्रमांकांचा तो गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याची असते, मशीन बांधून झाल्याची नसते. त्यामुळे 'आमचे मशीन अमुक तारखेला जन्मले' असे जे लोक हौसेने सांगतात, त्यांना मी वर्षावर समाधान मानायला सांगतो.

मग किंमत कशाची? माझ्या मते, काय हरवलेले नाही याची. 15 के या मॉडेलची रचना आपल्याकडच्या काळ्या उषा मशीननेही घेतली, त्यामुळे त्याची गोल बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, बॉबीन केस आणि सुई कुठल्याही शिलाई साहित्याच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते. हे मशीन अपुरे असले तरी मी घेतो. 28 के ची गोष्ट वेगळी आहे. त्यात गोल बॉबीन नसते, तर होडीसारख्या निमुळत्या पोलादी शटलमध्ये लांबट, बारीक बॉबीन बसते आणि ते शटल झोक्यासारखे मागेपुढे जाते. हे शटल हरवले की मशीन केवळ शोभेचे उरते. त्याहून जुन्या 12 के ला गोल दांड्याची वेगळीच सुई लागते, आजची चपट्या दांड्याची सुई तिथे चालत नाही. म्हणून 12 के दाखवणाऱ्याला माझा पहिला प्रश्न सुया सोबत आहेत का हाच असतो. त्यानंतर मी सोनेरी नक्षी पाहतो, कारण ती एकदा गेली की मूळ रूपात परत येत नाही.

किमतीचा विषय निघाला की लाल पाऱ्याची आठवण काढावीच लागते. 2009 साली सौदी अरेबियात अशी अफवा पसरली की जुन्या सिंगर मशीनमध्ये 'लाल पारा' नावाचा मौल्यवान पदार्थ दडलेला असतो, आणि मोबाइल फोन मशीनजवळ नेऊन तो ओळखता येतो. ज्या मशीनला एरवी भंगाराचा भाव आला असता, त्यासाठी दोन लाख रियालपर्यंत मागणी झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. असा पदार्थ मशीनमध्ये नसतो. मी आजवर उघडलेल्या मशीनमध्ये मला बिडाचे ओतकाम, पोलाद, गोठलेले तेल आणि एकदा झुरळाची अंडी सापडली आहेत.

जाम झालेले मशीन घाबरवते, पण ते बहुधा मोडलेले नसते. माझे 15 के चाकाला हात लावल्यावर बोटभरही फिरत नव्हते. तीन दिवस प्रत्येक सांध्यात रॉकेलचे थेंब सोडले, काही हलले नाही. शेवटी खालचे शटल खोलून पाहिले तर त्याच्या खोबणीत दोऱ्याची घट्ट गोळी बसली होती, काळी पडून धातूसारखी दिसणारी. चिमट्याने ती ओढून काढताच चाक सुटले. गोठलेल्या तेलाचा तपकिरी थर मात्र सावकाशच निघतो, आणि मशीनमध्ये खोबरेल किंवा गोडेतेल घालणाऱ्यांनी तो अधिक चिकट करून ठेवलेला असतो. तिथे मशीनचे पातळ तेलच हवे, आणि धीर हवा.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगून टाकतो. पायावरचा पिवळट थर निघेना म्हणून मी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतले. थर निघाला आणि त्याच्या खालची सोनेरी नक्षीही दोन इंच निघून आली. तो पिवळटपणा मळाचा नव्हता, नक्षीवर संरक्षणासाठी दिलेल्या लाखेच्या पॉलिशचा होता. सुतार लाखेचा चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो हे मी लहानपणापासून पाहिलेले, पण ऐन वेळी ते आठवले नाही. आता नक्षीवर मी मशीनच्या तेलात भिजवलेला मऊ फडकाच फिरवतो.

ती दोन इंचांची पांढुरकी जागा तशीच ठेवली आहे. अख्खे मशीन घासून, काळा रंग फवारून, नवी झगमगीत स्टिकर लावून 'रिस्टोअर' केलेली मशीन हल्ली बरीच दिसतात, आणि अशा मशीनला मी निम्मीही किंमत देत नाही.

जोडणी करताना सर्वांत जास्त छळतो तो चाकाच्या मधल्या मोठ्या स्क्रूखालचा वॉशर. स्क्रू सैल केला की चाक फिरावे पण सुई थांबावी, ही सोय बॉबीन भरण्यासाठी असते. त्या वॉशरला बाहेरून तीन कान आणि आतून दोन दात असतात, आणि तो दोन प्रकारे बसू शकतो. उलटा बसला की स्क्रू कितीही सैल करा, सुई चालूच राहते. अशा वेळी वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून परत ठेवायचा, एवढेच करायचे असते. मला हे कळायला एक अख्खी संध्याकाळ लागली. मग मांजरपाटाच्या तुकड्यावर वर लाल आणि खाली निळा दोरा घेऊन टाका पाहायचा. कापडाच्या खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचे टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, सैल असते, किंवा कापड दाबून धरणारा प्रेसर फूट खाली असताना दोरा ओवल्यामुळे तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी त्यांच्या सासूबाईंचे 28 के दाखवायला बोलावले. नक्षी शाबूत, हाताची मूठ शाबूत, लाकडी पेटीही शाबूत, पण शटल नव्हते. भंगारात घालू नका, शटल सापडेपर्यंत मात्र मी याची किंमत सांगणार नाही, असे म्हणून मी परतलो. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. शटल बटणांच्या डब्यात तळाशी होते आणि आतल्या बॉबीनवर पांढरा दोरा अजून गुंडाळलेला होता. तेल देऊन, सुई बदलून मी मशीन चालू करून दिले आणि एखादा ग्राहक पाहू का असे विचारले. काकू तोपर्यंत साडी आणि फॉल घेऊन मशीनसमोर बसल्या होत्या.