तुम्ही विचारलंत म्हणून: लाजाळू पोरगं स्काऊटमध्ये घातलं की लीडर होतं का?

"आमना पोऱ्या भलता लाजाळू शे, सर. चारचौघांत तोंड उघडस नही. स्काऊटमा टाकी दिधा तर लीडर होई का?"

जून-जुलैत नवीन मुलांची नोंदणी सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला. अमळनेर-पारोळ्याकडचे असले तर असे अहिराणीत विचारतात, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले असले तर हिंदी-मराठीच्या मिसळीत, आणि हल्ली व्हॉट्सॲपवर 'लीडरशिप क्वालिटी डेव्हलप होईल ना?' असंही येतं. मी लोकोशेडमध्ये नोकरी केली आणि उरलेल्या वेळात स्काऊट मास्टर म्हणून राबलो. निवृत्त झालो तरी गळ्यातला स्कार्फ काही सुटला नाही. दर वेळी मी 'हो, पाठवा' एवढंच म्हणतो, कारण दारात उभं राहून बाकीचं सांगता येत नाही. आज ते सगळं सांगतो.

पहिलं म्हणजे, नेतृत्व आम्ही शिकवत नाही. अभ्यासक्रमात प्रवेश आहे, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. त्यात गाठी आहेत, प्रथमोपचार आहेत, नकाशा, होकायंत्र, स्वयंपाक आहे. या सगळ्यामागे एक साधी रचना आहे. पथकात चोवीस-बत्तीस मुलं असली तर त्यांचे सहा-सहा, आठ-आठ जणांचे संघ पाडायचे, प्रत्येक संघाला त्यातलाच एक मुलगा संघनायक द्यायचा आणि मास्तरानं त्या संघनायकाशी बोलायचं. थेट सगळ्या पोरांशी बोलायचं नाही. ज्या पथकात मास्तरच शिट्टी मारून बत्तीस जणांना पळवतो तिथं कवायत चांगली होते, एवढंच.

ही युक्ती चळवळीइतकीच जुनी आहे. स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगला वेढ्यात अडकले होते, 1899-1900 साली, तेव्हा तिथली पोरं निरोप पोचवायचं काम करत आणि त्यांचा म्होरक्या जेमतेम तेरा वर्षांचा होता. पुढे ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर झालं. साधारण वीस मुलं होती. बड्या घरची आणि कामगारांची मुद्दाम एकत्र घेतलेली. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येकावर एक मुलगाच नायक. सॅल्यूट, स्कार्फ, डाव्या हाताचं हस्तांदोलन हे सगळं लोकांच्या डोळ्यांत भरतं. (डाव्या हातावरून एका आजीबाईंनी मला भर मेळाव्यात झापलं होतं. 'डावा हात पुढे करणं हे कुठले संस्कार?') पण मला विचाराल तर यातलं उद्या काही बदललं तरी चालेल. संघ मोडला तर मात्र स्काऊटिंग उरत नाही.

'हे इंग्रजांचं खूळ आपण कशाला चालवायचं' असंही कुणी विचारतं. खरं आहे, 1909 मध्ये बंगळुरूला सुरुवात झाली ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच, आपल्या पोरांना प्रवेश नव्हता. म्हणून तर ॲनी बेझंट, पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी या मंडळींनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट आणि गाइड झालं. म्हणजे आपल्याकडे ते भांडून मिळवलेलं आहे.

आता त्या लाजाळू पोराकडे येतो. त्यासाठी तुम्हाला आमच्या शिबिरात यावं लागेल. डिसेंबरात आम्ही पालला जातो, रावेर तालुक्यात, सातपुड्यात. मे महिन्यात आमच्याकडे ऊन पंचेचाळिसाच्या पुढे जातं, त्यामुळे शिबिर म्हटलं की थंडीतच. तिथली जमीन मुरमाड. तंबूच्या खुंट्या ठोकायला गेलं की वाकतात किंवा बोटभर जाऊन थांबतात. पुस्तकातल्या चित्रात खुंटी नेहमी लोण्यात गेल्यासारखी जाते.

एका वर्षी गाइड, म्हणजे मुलींच्या विभागातल्या एका संघाचा तंबू उभाच राहीना. संघनायिका बोलकी, वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवणारी. ती आदेशावर आदेश देत होती आणि खुंट्या एकेक करून उपटून येत होत्या. त्या संघात सावद्याकडची एक मुलगी होती, केळीवाल्यांच्या घरातली. सबंध दिवसात तिच्या तोंडून चार शब्द निघाले असतील. तिनं काही न बोलता एक लांबट धोंडा आणला, त्याला मधोमध दोरी आवळली, खुरप्यानं आडवा चर खणला, धोंडा त्यात पुरला आणि वरून मुरूम दाबून दोरी तंबूकडे ओढून घेतली. मी जवळ जाऊन पाहिलं, दोरी हलेना. 'कुठं शिकलीस?' तर म्हणाली, 'वादळात केळी पडू नये म्हणून बाबा असंच बांधतात.' स्काऊटिंगच्या पुस्तकातही पुरलेल्या ओंडक्याचा असा नांगर, म्हणजे दोरी धरून ठेवणारा आधार, दिलेला आहे. तिनं पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं.

खरी गोष्ट त्यापुढे घडली. संघनायिका दोन मिनिटं गप्प झाली आणि मग तिनंच सगळ्यांना सांगितलं, 'आता ही सांगेल तसं करायचं.' दोघीही त्या दिवशी लीडर होत्या असं मी मानतो. पण पालकांना विचाराल तर त्यांना त्यातली पहिलीच हवी असते, स्टेजवर बोलणारी. आमच्याकडे मुलगा माइक धरायला लागला की घरच्यांना वाटतं, झाला पुढारी. मला बोलक्या पोरांची काळजी जास्त वाटते. त्यांना दुसऱ्याचं ऐकायला शिकवायला दोन-दोन वर्षं जातात. लाजाळू पोराला एवढंच लागतं की त्याच्या हातात असं काम पडावं जे त्याच्यावाचून अडेल. सहा जणांच्या संघात ते आपोआप पडतं. साठ जणांच्या वर्गात पडत नाही.

मग या सगळ्यात मास्तरानं काय करायचं? गप्प बसायचं. वाचायला सोपं वाटतं ना? संध्याकाळी भरताचा बेत असतो. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोबत हिरव्या मिरच्या, मग लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून ठेचायचं आणि पुऱ्यांबरोबर खायचं. वांग्याला टोचे मारल्याशिवाय ते जाळावर ठेवलं तर फुटतं आणि गर राखेत जातो. हे मला दिसत असतं. समोर बारा वर्षांचं पोरगं अख्खं वांगं तसंच जाळावर ठेवत असतं. जीभ नुसती वळवळते. पण मी बोललो तर वांगं वाचेल आणि त्या संघनायकाला पुढच्या वेळी पुन्हा माझ्याच तोंडाकडे पाहावं लागेल. जाळात हात जाणार असेल, कपडा पेटण्यासारखा असेल, तर मी ओरडतोच, तिथं तडजोड नाही. हतनूरच्या धरणाजवळ शिबिर असलं की पाण्यात पाय घालायचीही परवानगी मागायची नाही, तोही निर्णय माझाच. वांगं फुटण्यानं मात्र कुणी मरत नाही. राख झटकून खाल्लेलं भरीत पोरं दहावीनंतरही आठवतात.

अमळनेरला साने गुरुजी छात्रालयाचे प्रमुख होते, तेव्हा ते मुलांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, न बोलता. मुलं ओशाळून आपलं आपण करायला लागली, असं आमच्याकडे आजही सांगतात. गुरुजींना ते शोभलं. माझ्यासारख्यानं अंथरुणं आवरली असती तर पोरांनी रोज सकाळी माझी वाट पाहिली असती.

शिस्तीचंही तेच. शिबिरात संघनायकांची सभा बसते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. मास्तर तिथं सल्ल्यापुरता. एकदा एका मुलानं बॅगेत लपवून मोबाइल आणला होता. आम्हा मोठ्यांचं मत सरळ होतं: वडिलांना बोलवा, घरी पाठवा. पोरांनी तासभर वाद घातला आणि ठरवलं की मोबाइल मास्तरांकडे जमा, आणि रोज संध्याकाळी त्याच मुलानं मास्तरांसमोर बसून, स्वतःच्या बॅलन्समधून, प्रत्येकाच्या घरी एकेक मिनिट फोन लावून द्यायचा. यादीही त्यानंच करायची. आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नसतं. त्या यादीत त्याचं स्वतःचं नाव शेवटी होतं, आणि रेंज गेल्यामुळे एक दिवस त्याचाच फोन राहिला. त्यानं तक्रार केली नाही, दुसऱ्यांनीच केली.

सगळीकडे असं चालतं, असं मात्र समजू नका. कागदावरची पथकंही पुष्कळ आहेत. राज्य पुरस्काराच्या चाचणीच्या आदल्या रात्री वर्षभराची लॉगबुकं एका बैठकीत भरली जातात, एकाचं बघून दुसऱ्याचं. एका ठिकाणी, नाव घेत नाही, स्काऊटच्या गणवेशातली मुलं पाहुण्याच्या स्वागताला भर उन्हात रस्त्याकडेला दोन तास उभी केलेली मी पाहिली आहेत. त्याला सेवा म्हणत होते. तुमच्या शाळेतलं पथक कसं आहे हे ओळखायचं असेल तर पुरस्कारांची संख्या विचारू नका. एखाद्या शनिवारी जाऊन बसा आणि कोण बोलतंय ते ऐका. पूर्णवेळ मास्तरच बोलत असेल तर समजून घ्या.

पाठवणारच असाल तर एक मदत करा. त्याची बॅग त्याला भरू द्या. यादी आम्ही देतो. आई भरते तेव्हा बॅगेत चिवडा, शेव आणि तीन स्वेटर असतात, टॉर्च मात्र तळाशी असते आणि कुठल्या कप्प्यात आहे हे रात्री त्याला माहीत नसतं. आणि शिबिराच्या दुसऱ्या दिवशी 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत डबा घेऊन पालला येऊ नका. पाल कुणाच्याही वाटेवर नाही.

भुसावळकर आणखी एक विचारतात, जरा आवाज खाली करून: 'सर, रेल्वेत कोटा असतो ना?' असतो. रेल्वे भरतीत स्काऊट-गाइडसाठी वेगळ्या जागा निघतात, त्याला राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता आणि सलग काही वर्षांचं प्रत्यक्ष काम लागतं. जागा थोड्या, अर्ज फार. त्या आशेनं आलेली पोरंही मी आनंदानं घेतो. निम्म्यांना दुसऱ्या शिबिरापर्यंत कोट्याची आठवण राहत नाही. तुमचा मुलगा दहा वर्षांचा झाला असेल तर स्काऊटमध्ये, लहान असेल तर कबमध्ये, मुलगी असेल तर गाइडमध्ये किंवा, लहान असली तर, बुलबुलमध्ये. शनिवारी दुपारी चारला मैदानावर पाठवा, पाण्याची बाटली आणि दोन मीटर दोरी बरोबर. बूट नसले तरी चालतं.