तिरका प्रकाश आणि पिरिऑडिक बाउंडरी : माझा अनुभव

काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक गोल खांब, दोन्ही दिशांना ५०० नॅनोमीटर अंतराने रचलेले, आणि त्यांच्यावर हवेतून २० अंशांच्या कोनात पडणारा प्रकाश. ६०० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात परावर्तन किती होतं, ते मला संगणकावरच्या सिम्युलेशनने काढायचं होतं. खांब कितीही असले तरी सगळे सारखेच. म्हणून एकच खांब आणि त्याच्याभोवतीची चौकट (‘सेल’) घ्यायची, चारही बाजूंना पिरिऑडिक बाउंडरी (हीच चौकट पुढे पुन्हा पुन्हा येते असं सांगणारी सीमा) लावायची आणि वर-खाली प्रकाश शोषून घेणारा थर (पीएमएल) ठेवायचा, हे उघड होतं.

प्रकाश सरळ वरून येत असेल तर हे काम खरोखर सोपं आहे. उजव्या भिंतीवरचं विद्युतचुंबकीय क्षेत्र जसंच्या तसं डाव्या भिंतीवर घ्यायचं, बस्स. खांब गोल असल्यामुळे सममितीही कामाला येते. विद्युतक्षेत्राला लंब असलेल्या भिंती आदर्श विद्युतवाहक मानायच्या, समांतर असलेल्या आदर्श चुंबकीय वाहक मानायच्या, की पाव सेलमध्येच भागतं.

कोन आला की ही चैन संपते. तिरकी लाट एका खांबापाशी आधी पोचते, शेजारच्यापाशी जरा उशिरा. त्यामुळे समोरासमोरच्या दोन भिंतींवरच्या क्षेत्रांत फेजचा (लाट आवर्तनात किती पुढे-मागे आहे याचा) ठराविक फरक पडतो, आणि बाउंडरीला तोच सांगावा लागतो. फ्लोके यांनी १८८३ मध्ये आणि ब्लॉख यांनी १९२८ मध्ये मांडलेलं हे गणित. म्हणून एका सॉफ्टवेअरमध्ये पर्यायाचं नाव ‘फ्लोके’ दिसतं, दुसऱ्यात ‘ब्लॉख’. काम एकच. एफडीटीडीत (क्षेत्रं काळाच्या छोट्या पावलांनी पुढे नेणाऱ्या पद्धतीत) याची किंमत अशी, की क्षेत्रं वास्तव संख्यांत मावत नाहीत, संमिश्र संख्या ठेवाव्या लागतात आणि मेमरी साधारण दुप्पट लागते.

आकडा काढायला अवघड नाही. ७५० नॅनोमीटरला एका सेलमागे फेज म्हणजे ५०० गुणिले सायन २० भागिले ७५०, अर्थात ०.२२८ आवर्तन, जवळजवळ ८२ अंश. मी मीप हे एफडीटीडीचं सॉफ्टवेअर वापरत होतो. तिथे लांबीचं एकक मायक्रोमीटर धरलं तर सेटिंगमध्ये ०.४५६ हा आकडा जातो. त्याला २π ने गुणायचं नाही, कारण ते एककातच गृहीत आहे. प्रकाश काचेच्या बाजूने येत असता तर काचेचा अपवर्तनांकही गुणावा लागला असता. सिम्युलेशनमध्ये प्रकाश सोडणाऱ्या सोर्सलाही हीच फेज, याच चिन्हाने द्यावी लागते. वेळेचा घातांक ऋण धरायचा की धन, यावर भौतिकवाल्यांचं आणि इंजिनिअरांचं अजून एकमत नाही, आणि त्याचा त्रास नेमका इथे होतो.

खांब ठेवण्याआधी मी नुसत्या काचेवर बराच वेळ घालवला, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला तोच वेळ सर्वांत सत्कारणी लागला. काचेचा अपवर्तनांक १.४५ धरला तर सरळ प्रकाशाचं परावर्तन ३.४ टक्के यायला हवं. कोन ५५.४ अंश केला की पी ध्रुवणाचं (विद्युतक्षेत्र आपतनाच्या प्रतलात असलेल्या प्रकाशाचं) परावर्तन शून्यावर यायला हवं, तोच ब्रूस्टर कोन. दोन्ही उत्तरं फ्रेनेलच्या सूत्रांतून आधीच माहीत असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला पळवाट उरत नाही. त्यातली मला आवडलेली चाचणी वेगळीच आहे. काच सगळीकडे सारखी असल्याने सेलची रुंदी आपल्या मर्जीची. ५०० घ्या, ३०० घ्या, ४३० घ्या, उत्तर हलता कामा नये. पण फेज रुंदीवर अवलंबून असते. म्हणजे रुंदी बदलून उत्तर जिथल्या तिथे राहिलं, तर फेजचा हिशेब बरोबर आहे असं मानायला हरकत नाही. चिन्हाचा घोळही इथेच पकडता येतो, कारण सोर्स आणि बाउंडरी उलट दिशांना ओढत असतील तर लाटेच्या सरळ रेघा भिंतीपाशी तुटलेल्या दिसतात. फक्त खांबांवर विसंबलं तर गोल आकारामुळे डावं-उजवं सारखंच, आणि दोन्हीकडे चिन्ह उलटं असलं तरी परावर्तनाचा आकडा तोच येतो.

एवढं जमल्यावर खांब ठेवले. खरी गंमत पुढे आहे. एफडीटीडीत एकाच छोट्या स्पंदातून सगळा पट्टा मिळतो, म्हणून तर ती पद्धत लोकांना आवडते. पण बाउंडरीला आपण कोन सांगतच नाही. आपण सांगतो लाटेच्या तरंगसदिशाचा आडवा घटक, आणि तो सगळ्या तरंगलांब्यांना एकच लागू होतो. ७५० ला २० अंश बसवले, तर ६०० ला कोन होतो १५.९ अंश आणि ९५० ला २५.७. सिम्युलेशनच्या एका धावेतून (रनमधून) आलेला आलेख दिसायला अगदी गुळगुळीत असतो, मात्र त्यातला प्रत्येक बिंदू वेगळ्या कोनाचा असतो. ‘२० अंशांवरचं परावर्तन’ असं नाव त्याला देता येत नाही.

यावर स्थिर कोनासाठी खास पद्धती आहेत. मी साधा रस्ता धरला. आडव्या घटकाची किंमत थोडी थोडी बदलत अनेक धावा घेतल्या, वारंवारता आणि आडवा घटक अशा दोन अक्षांवर परावर्तनाचा नकाशा तयार केला, आणि त्यातून २० अंशांची तिरपी रेघ कापून काढली. प्रत्येक धाव स्वतंत्र, त्यामुळे त्या शेजारी शेजारी चालवता येतात. शिवाय नकाशात अनुनादाच्या रेषा कोनासोबत कशा सरकतात ते डोळ्यांनी दिसतं.

पडताळा म्हणून तीच रचना फायनाइट एलिमेंटच्या (रचनेचे छोटे तुकडे पाडून सोडवणाऱ्या पद्धतीच्या) सॉफ्टवेअरमध्ये मोजक्या तरंगलांब्यांवर सोडवली. तिथे प्रत्येक वारंवारता वेगळी सुटते, म्हणून कोनाचा प्रश्नच येत नाही. तिथला त्रास मेशचा, म्हणजे त्या तुकड्यांच्या जाळ्याचा. समोरासमोरच्या भिंतींवर त्रिकोण हुबेहूब सारखे नसतील तर बाउंडरी डगमगते, म्हणून एका भिंतीचं मेश दुसरीवर कॉपी करायचं आणि मगच आतला भाग भरायचा.

दोन्ही उत्तरं लांब तरंगलांब्यांना जुळली. या पट्ट्यात टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश जवळपास शोषतच नाही, म्हणून परावर्तन आणि पारगमन मिळून एक यायला हवं, आणि येतही होतं. मात्र ८९६ नॅनोमीटरच्या खाली फायनाइट एलिमेंटची बेरीज एकपेक्षा कमी भरू लागली. ८९६ हा आकडा बोलका आहे: ५०० गुणिले (१.४५ अधिक सायन २०). इथून काचेत विवर्तनाचा उणे एक हा क्रम, म्हणजे वेगळ्या दिशेला वळून जाणारी प्रकाशाची एक शाखा, मोकळा होतो. फायनाइट एलिमेंटमधला पोर्ट (प्रकाश आत सोडणारी आणि बाहेर पडणारा मोजणारी सीमा) मूळ सेटिंगमध्ये फक्त शून्यावा, म्हणजे न वळलेला, क्रम मोजत होता, एफडीटीडीतलं मोजणीचं प्रतल मात्र त्यातून जाणारी सगळी ऊर्जा. विवर्तनाचे क्रम पोर्टमध्ये जोडल्यावर बेरीज एक झाली. ६७१ नॅनोमीटरला हवेतही असाच क्रम उघडतो, तेव्हा तोही जोडावा लागला.

अगदी ८९६ च्या आसपास मात्र दोघांचं थोडं बिनसलंच. नवा क्रम उघडताना काचेच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धावतो, आणि इतकी आडवी लाट पीएमएलला नीट गिळता येत नाही. थर जाड केला, खांबांपासून लांब नेला, धावही जास्त वेळ चालू ठेवली. फरक कमी झाला, पुरता गेला नाही. तिथल्या बिंदूंसाठी मी फायनाइट एलिमेंटचंच उत्तर धरलं, कारण तो क्रम पोर्टच बाहेर काढतो.

प्रयोगाच्या आलेखात ८९६ जवळचं हे टोक इतकं धारदार दिसतच नाही. प्रत्यक्षातला प्रकाश एका कोनातून येत नाही, भिंगामुळे तो थोडा पसरलेला असतो, आणि २० अंशांजवळ एका अंशाला हे टोक सुमारे ८ नॅनोमीटर सरकतं. तुलना करायची तर १९ ते २१ अंशांमधल्या उत्तरांची सरासरी घ्यावी लागते. त्यासाठी नवी धाव लागली नाही, आधीच्या नकाशातून आणखी काही तिरप्या रेघा कापल्या.