किरायत्याची चार मिनिटं

पावसाळा लागला की आमच्या गोव्यातल्या सत्तरीच्या घरी किरायत्याचा, म्हणजे एका कडूजहर औषधी पाल्याचा, काढा ठरलेला. आजी नाक दाबून पाजायची. एम.एस्सी.ला हाच कडूपणा, म्हणजे अँड्रोग्राफोलाइड, पानांतून वेगळा काढण्याचा प्रकल्प मिळाला तेव्हा ती म्हणाली, "त्यात शिकायचं काय? उकळ आणि गाळ."

आधी तेच केलं. सॉक्सलेटमध्ये, म्हणजे तेच द्रावक उकळून पुन्हापुन्हा भुकटीतून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, पानांची दहा ग्रॅम भुकटी, मिथेनॉल आणि आठ तास राखण. उपकरण १८७९ सालचं, पण चोख. फक्त मधे वीज गेली की दिवस फुकट. मग मॅडमनी मायक्रोवेव्हवर बसवलं. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी पाणी, मिथेनॉल असल्या ध्रुवीय रेणूंना (ज्यांचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण) हलवतात आणि त्यातून उष्णता होते. हेक्झेनसारखं अध्रुवीय द्रावक घातलं तर ते थंडच बसतं. पानातल्या पेशीत उरलेलं पाणी आतूनच तापतं, वाफेचा दाब वाढतो, पेशीची भिंत फाटते आणि आतला ऐवज द्रावकात उतरतो. चार मिनिटांत.

(स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालेल का, हे चुलतभावाने दोनदा विचारलं. नाही. मिथेनॉलची वाफ आणि एक ठिणगी, पुढचं सांगायला नको. प्रयोगशाळेतल्या यंत्राला तापमान मोजणारी सोय आणि वाफ बाहेर नेणारी वाट असते.)

खरी रड पुढे होती. तीच भुकटी, तेवढीच मिनिटं, तेवढेच वॉट, आणि तीन दिवसांत तीन उत्तरं. मी यंत्राला दोष दिला, मग एचपीएलसीच्या (अर्कातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) कॉलमला, मग स्वतःच्या हाताला. चौथ्या दिवशी चहाबरोबर बिस्किटाचा पुडा उघडला. आदल्याच दिवशी फोडलेला, आणि बिस्किटं पार मऊ. जुलैतला गोवा! माझी भुकटीची बरणी तर रोज उघडत होते, झाकण अर्धवट लावून.

भुकटीचा ओलावा मोजला. सोमवारच्या मानाने चांगलाच वाढला होता. म्हणजे दहा ग्रॅम म्हणून मी थोडं पाणीच तोलत होते, आणि ते पाणी वर लहरी शोषून तापही वाढवत होतं. आठ तासांच्या सॉक्सलेटला एवढ्याने फारसा फरक पडत नव्हता. चार मिनिटांच्या कामाला पडत होता.

मग भुकटी ४० अंशांवर पुन्हा वाळवली, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवली आणि रोज सकाळी आधी ओलावा, मग वजन. पाणी द्यायचं तेही आता मोजून, द्रावकातूनच. बाकी वेळखाऊ कामं होती तशीच राहिली: काळपट हिरवा अर्क गाळणं, रोटरी बाष्पकावर मिथेनॉल उडवणं. त्यातच संध्याकाळ व्हायची, आणि मैत्रिणी म्हणायच्या, चार मिनिटांचं काम ना तुझं?

त्यानंतरच्या तीन दिवसांचे एचपीएलसीचे आलेख एकावर एक ठेवले. २२३ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेली अँड्रोग्राफोलाइडची तिन्ही शिखरं जवळजवळ एकच दिसली. आजीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पण कडू आहे ना?" मिथेनॉलमधलं चाखायचं नसतं, असं सांगितल्यावर तिने कागद परत दिला.