साताऱ्यात समुद्र

साताऱ्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असं ज्यांना वाटतं त्यांनी आज आमच्या पेठेतल्या कार्यक्रमाला यायला हवं होतं. मराठा आरमारावर व्याख्यान, मुलांनी केलेल्या जहाजांच्या प्रतिकृती आणि हर्णैहून आलेल्या एक कोळी मावशी.

संबंध थेट आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे तेव्हा शाहूंच्या विरोधातल्या ताराराणींच्या बाजूचे. १७१३ मध्ये पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवलं आणि साताऱ्याच्या गादीला आरमार मिळालं. शाळेत हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

गुराबेच्या, म्हणजे शिडांच्या लढाऊ जहाजाच्या, प्रतिकृतीपाशी मी बराच वेळ रेंगाळले. पुढचा भाग निमुळता आणि सखल, म्हणजे तोफा सरळ समोर डागता येतात. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तिला ओढून न्यायची.

मावशी मात्र बोलता बोलता मांडीवरचं फाटकं जाळं सांधत होत्या. बोटांकडे बघतही नव्हत्या.

एका मुलीने विचारलं, "समुद्राची भीती नाही वाटत?"

"वाटते ना गं! म्हणून तर नारळी पुनवेला नारळ देतो त्याला."

आपला प्रतापगड आणि हर्णैचा सुवर्णदुर्ग २०२५ मध्ये एकाच वेळी युनेस्कोच्या यादीत गेले. सुट्टीत मुलांना घेऊन सुवर्णदुर्ग बघायला जायचं ठरतंय. कोण कोण येणार, कळवा.